मित्रांसोबत शिडाच्या बोटीतून ग्रेनेडाइन्स : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्या-मुंबईतले दोघे-तिघे, न्यू जर्सीतलं एक जोडपं, लंडनमधला एखादा कॉलेजचा मित्र असा ग्रुप जमला की कुणीतरी कॅरिबियनमध्ये बोट घेऊन फिरायची टूम काढतंच. मग जे प्रश्न येतात ते बरेचसे ठरलेले असतात. खालची उत्तरं सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनेडाइन्स हा बेटांचा पट्टा डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. बाकी बेटं गरजेपुरती.

एवढ्या बेटांमधून ग्रेनेडाइन्सच का?

कारण सगळं एकाच देशात आहे. सेंट व्हिन्सेंट या मोठ्या बेटावर बोट ताब्यात घ्यायची, दक्षिणेला बेक्वे, मुस्तीक, कानूआन, मायरो, टोबॅगो कीज, युनियन करत जायचं आणि परत यायचं. कस्टम-इमिग्रेशनचे सोपस्कार येताना एकदा, जाताना एकदा. हाच प्रवास मार्टिनिकहून ग्रेनेडापर्यंत केलात तर फ्रान्स, सेंट लुशिया, सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनेडा अशा चार ठिकाणच्या कचेऱ्यांमध्ये कागद नाचवावे लागतात, आणि प्रत्येक वेळी अर्धा दिवस गेलाच म्हणून समजा.

दुसरं कारण अंतरं. सेंट व्हिन्सेंटच्या दक्षिण टोकापासून बेक्वे नऊ-दहा सागरी मैल, म्हणजे जेमतेम दोन तास. पुढचे टप्पेही फारसे मोठे नाहीत. सकाळी निघून जेवायच्या वेळेला नवीन खाडीत पोचता येतं.

अगदीच नवखा ग्रुप असेल तर ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्स सोपी पडतात. तिथलं पाणी दोन्ही बाजूंच्या बेटांनी आडोशाला घेतलेलं आहे. पण हंगामात गर्दी अशी की दुपारपासूनच जागा पकडायची धावपळ सुरू होते. एवढ्या लांब जाऊन पार्किंग शोधायचं असेल तर पुणं काय वाईट आहे?

कोणत्या महिन्यात जावं?

डिसेंबर ते मे. भूगोलाच्या पुस्तकातले ईशान्य व्यापारी वारे इथे प्रत्यक्ष भेटतात. रात्रंदिवस, पूर्व किंवा ईशान्येकडून, साधारण १५ ते २५ नॉट (ताशी सागरी मैल). नाताळ ते जानेवारीअखेर हे वारे आणखी जोर धरतात, तिथले लोक त्यांना ‘ख्रिसमस विंड्स’ म्हणतात. शाळेच्या नाताळच्या सुट्टीत बसतं म्हणून तेव्हाच जाऊ, असं नवख्या ग्रुपने ठरवू नये. मार्च-एप्रिलमध्ये वारा त्या मानाने निवलेला असतो आणि समुद्रही शहाण्यासारखा वागतो.

१ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम. या दिवसांत बोटी स्वस्त मिळतात आणि त्याला कारण आहे. पूर्वी ग्रेनेडा वादळांच्या पट्ट्याच्या खाली आहे, तिथे बोट सुरक्षित, असं मानलं जायचं. २००४ च्या आयव्हन वादळाने तो समज मोडला. १ जुलै २०२४ ला बेरिल वादळ ग्रेनेडाच्या कॅरिअकू बेटावर थेट धडकलं, तेव्हा तिथल्या टिरेल बेच्या खारफुटीत दडवून बांधलेल्या बोटीसुद्धा एकमेकींवर रचल्या गेल्या.

बेरिलनंतर तिकडे जाण्यात अर्थ आहे का?

आहे. सेंट व्हिन्सेंट आणि बेक्वे त्यातून त्या मानाने बचावले. मोठा तडाखा युनियन, मायरो, कानूआनचा काही भाग आणि पलीकडे ग्रेनेडाच्या हद्दीतल्या कॅरिअकू आणि पेटिट मार्टिनिकला बसला. युनियनवर छप्पर शाबूत असलेलं घर शोधावं लागत होतं. घरं, दुकानं, धक्के उभारण्याचं काम एका हंगामात संपणारं नाही. त्यामुळे जुन्या मार्गदर्शिकेत लिहिलेला धक्का किंवा खानावळ जागेवर आहे का, हे बोट देणाऱ्यांना आधी विचारा. आणि जिथे काही सुरू आहे तिथे जेवा, भाजी घ्या, पैसे खर्च करा. सगळा किराणा मोठ्या बेटावरूनच भरून नेण्यात शहाणपणा वाटत असेल तरी युनियनपुरता तो बाजूला ठेवा.

लायसन्स लागतं का? आमच्यात कुणालाच धड शीड उभारता येत नाही.

मग सोबत स्किपर, म्हणजे पगारी कप्तान घ्या आणि पुढच्या प्रश्नाकडे वळा.

कुणाला येत असेल तर बोट भाड्याने देणारी कंपनी तुमचा नौकानयनाचा अनुभव लेखी मागते: कुठे, किती फुटी बोट, कप्तान म्हणून किती दिवस, नांगरावर किती रात्री काढल्या. रॉयल यॉटिंग असोसिएशनचं ‘डे स्किपर’ किंवा त्या तोडीचं प्रमाणपत्र असेल तर काम सोपं होतं. मुंबईत गेटवेसमोर छोट्या बोटीवर शिकलेलं वाया जात नाही, पण २२ फुटी बोट आणि ४५ फुटी कॅटॅमरान (दोन सांगाडे जोडलेली रुंद बोट) यांत बरंच अंतर आहे. मधला मार्ग म्हणजे पहिले दोन-तीन दिवस स्किपर घ्यायचा आणि त्याला वाटलं तुम्हाला जमतंय, तर पुढे आपणच जायचं. मला विचाराल तर पूर्ण आठवडा स्थानिक स्किपर घ्यावा. त्याला प्रत्येक खाडीतला खडक आणि प्रत्येक बेटावरची मावशी माहीत असते.

मुंबईच्या बंदरात शिकलेलं तिथे तसंच चालतं का?

तीन गोष्टी उलट्या आहेत, आणि त्या जायच्या आधीच डोक्यात बसवायला हव्यात.

पहिली, बोयांचे, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांचे रंग. भारत ‘अ’ विभागात येतो: बंदरात शिरताना लाल बोया डाव्या हाताला. कॅरिबियन ‘ब’ विभागात: शिरताना लाल बोया उजव्या हाताला. हात सवयीने वळतो, म्हणून शिरण्याआधी एकाने मोठ्याने म्हणून दाखवावं.

दुसरी, भरती-ओहोटी. मुंबईत उधाणाला पाणी पाच मीटरपर्यंत चढउतार करतं. तिथे जेमतेम फूट-दीड फूट. ऐकायला सोय वाटते. पण मुंबईत बोट गाळात रुतली तर सहा तासांनी भरती तिला उचलते. तिथे प्रवाळावर चढलात तर तुम्हाला उचलायला कुणी येणार नाही.

तिसरी, पाण्याकडे बघायची पद्धत. आपल्या गढूळ पाण्यात खोली यंत्रावर वाचायची सवय असते. तिथे डोळ्यांनी वाचायची. गडद निळं म्हणजे खोल, फिकं हिरवट म्हणजे वाळू, तपकिरी म्हणजे प्रवाळ, तिकडे जायचं नाही. हे रंग दिसायला सूर्य डोक्यावर किंवा पाठीशी हवा. म्हणून टोबॅगो कीजसारख्या ठिकाणी दहा ते दोनच्या दरम्यान शिरायचं आणि एकाला पोलराइज्ड गॉगल लावून पुढे नाळेवर, म्हणजे बोटीच्या टोकाला, उभं करायचं. तेरा अक्षांशावर अंधार भराभर पडतो. चारच्या आत नांगर पडलेला असावा.

सात दिवसांत काय काय होतं?

लोक यादी घेऊन येतात आणि यादीत दहा नावं असतात. सात रात्रींत पाच थांबे पुरे.

पहिली रात्र सेंट व्हिन्सेंटलाच, बोट समजून घेण्यात आणि सामान लावण्यात. दुसऱ्या दिवशी बेक्वे. मधली खाडी दिसायला छोटी, पण तिथे प्रवाह आणि अटलांटिकची लाट एकमेकांवर येतात आणि बोट चांगलीच नाचते. निघण्याआधी शीड गुंडाळून लहान करून ठेवा. बेटाच्या आडोशाला वारा नाही म्हणून पूर्ण शीड सोडून बाहेर पडणाऱ्यांची खाडीच्या तोंडाशी त्रेधा उडते. बेक्वेच्या ॲडमिरल्टी बेमध्ये दोन रात्री काढा. लाकडी होड्या बांधणारं, देवमाशांच्या शिकारीचा इतिहास असलेलं हे खलाशांचं बेट आहे. आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने त्यांना आजही वर्षाला चार हम्पबॅकपर्यंत शिकारीची मुभा दिली आहे. बंदरात उतरलात की नारळाच्या करवंटीपासून ते देवमाशांच्या शिकारीच्या हुबेहूब होडीपर्यंत बोटींच्या प्रतिकृती कोरणारे कारागीर भेटतील.

मुस्तीक हे खाजगी मालकीचं, श्रीमंतांच्या बंगल्यांचं बेट. नांगर टाकायला मनाई, त्यांच्या बोयालाच बांधायचं आणि पैसे मोजायचे. मी तरी ते गाळून थेट मायरो गाठेन. मायरोवर तीनशेच्या आसपास वस्ती आहे. सॉल्ट व्हिसल बेमध्ये माडांची एक अरुंद पट्टी, तिच्या एका अंगाला आरशासारखं पाणी आणि दुसऱ्या अंगाला अटलांटिक खवळलेला. टेकडीवरच्या दगडी चर्चमागे उभं राहिलं की उद्याचा सगळा मुक्काम खाली नकाशासारखा दिसतो.

तो मुक्काम म्हणजे टोबॅगो कीज. पेटिट रामो, पेटिट बातो, बाराडाल, जेम्सबी आणि थोडं बाहेर पेटिट टाबाक, अशी पाच निर्मनुष्य बेटं आणि त्यांना कवेत घेणारं हॉर्सशू रीफ, म्हणजे प्रवाळाची भिंत. रीफ लाट अडवतं, वारा अडवत नाही. म्हणजे समोर आफ्रिकेपर्यंत जमीन नाही, वारा भणाणतोय आणि बोट मात्र शांत उभी. बाराडालच्या बाजूला समुद्री कासवं गवत चरायला येतात. ती दोरीने आखलेली जागा आहे, तिथे डिंगी (बोटीसोबतची छोटी होडी) न्यायची नाही, कासवांना हात लावायचा नाही. टोबॅगो कीज हे सागरी उद्यान आहे, त्या पार्कचं शुल्क माणशी आणि दिवसागणिक घेतात. ते रेंजरलाच द्या आणि पावती मागा. इथे दोन रात्री तरी हव्यातच.

मग युनियनचा क्लिफ्टन, आणि परत. येतानाचा प्रवास जातानासारखा नसतो हे लक्षात ठेवा. उत्तरेकडे येताना वारा पुढून लागतो, बोट कलते, फवारे अंगावर येतात. त्यासाठी सबंध दिवस राखून ठेवा.

कॅटॅमरान घ्यावी की मोनोहल?

सहा-आठ जण असाल आणि निम्म्यांना शिडाशी देणंघेणं नसेल तर कॅटॅमरान. कलत नाही, उथळ पाण्यात जाते, चारही खोल्यांना आपापला संडास असतो. शिडाची खरी गंमत मोनोहलमध्ये, म्हणजे एकाच सांगाड्याच्या बोटीत आहे, पण ती चौघांना पटली पाहिजे.

खर्च किती येतो?

हंगामात ४०-४५ फुटी कॅटॅमरानचं आठवड्याचं भाडं आठ-दहा हजार अमेरिकी डॉलरपर्यंत सहज जातं, नव्या बोटीचं त्याहून वर. स्किपरचे दिवसाला दोनशे डॉलरच्या पुढे, शिवाय त्याचं जेवण आणि झोपायला जागा. ती जागा ग्रुपच्या हिशेबात धरायची लोक हमखास विसरतात आणि मग बिचारा कप्तान सोफ्यावर. याशिवाय अनामत किंवा नुकसानीचा विमा, डिझेल, पाणी, बोयांचं आणि पार्कचं शुल्क.

तिथलं चलन पूर्व कॅरिबियन डॉलर. १९७६ पासून एका अमेरिकी डॉलरला २.७० असा दर बांधलेला आहे, त्यामुळे हिशेब सोपा. भाव ठरवताना ‘कुठले डॉलर?’ हे मात्र आधी विचारा. छोट्या बेटांवर रोख लागते.

टीटीएमएम बोटीवर चालत नाही. निघण्याआधीच सगळ्यांनी सारखी रक्कम एका डब्यात टाकायची आणि किराणा, डिझेल, धक्क्याचे पैसे त्यातून भागवायचे. दारूचा डबा वेगळा ठेवा. न पिणाऱ्याने सात दिवस दुसऱ्याच्या रमचे पैसे भरणं हे मैत्री तुटायला पुरेसं कारण आहे.

व्हिसाचं काय?

भारतीय पासपोर्टवर सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनेडाला थोड्या दिवसांच्या पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. तरी तिकीट काढण्याआधी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर पाहून घ्या, नियम बदलतात. मार्टिनिक हा फ्रान्सचा भाग असला तरी शेंगेन क्षेत्रात नाही, त्यामुळे युरोपचा साधा शेंगेन व्हिसा तिथे आपोआप चालत नाही.

खरी अडचण वाटेतली. भारतातून थेट विमान नाही. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं तरी व्हिसा लागतो, लंडनमार्गे जाताना ट्रान्झिटचे नियम बघावे लागतात. त्रिनिदादवरून परतणार असाल तर पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र निघण्याआधीच करून ठेवा. भारतात उतरताना ते मागतात आणि लस किमान दहा दिवस आधी घेतलेली असावी लागते.

बोट लागते, उलट्या होतात. काय करावं?

पहिल्या दिवशी बऱ्याच जणांना लागते. गाडी लागते त्यांना जास्त. औषध निघण्याच्या तासभर आधी घ्यायचं, मळमळ सुरू झाल्यावर उपयोग नाही. ॲव्होमिनने झोप येते, तेव्हा सुकाणूवर बसणाऱ्याने डॉक्टरांना विचारून घ्यावं. आलेपाकाची पिशवी प्रत्येकाच्या खिशात असू द्या. खाली केबिनमध्ये जाऊन पडू नका, मोबाइलमध्ये डोकं घालू नका. बाहेर बसा, क्षितिजाकडे बघा. उपाशी पोटीही निघू नका.

पोहता येत नाही. येऊ का?

या. स्किपरला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा आणि बोट चालू असताना, डिंगीत बसताना लाइफ जॅकेट घाला. लाजू नका.

जेवणाचं कसं? ग्रुपमध्ये शाकाहारी आहेत.

इथे मराठी माणसाची चैन आहे. किंग्जटाउनच्या भाजीबाजारात जा आणि ओळखीचे चेहरे बघा: अळू, रताळी, भोपळा, केळी, आंबे, नारळ, आलं. अळूच्या पानांचं तिथे ‘कॅलालू’ नावाचं सार करतात. शेंगदाणे आणि चिंच घातली की आपलं फतफतं तयार. आणि कोकणातल्यांसाठी खास, नीरफणस. किंग्जटाउनचं वनस्पती उद्यान १७६५ सालचं. मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्त अन्न म्हणून कप्तान ब्लायने १७९३ मध्ये ताहितीकडून नीरफणसाची रोपं इथे आणली. आज तो तिथलं मुख्य खाणं झाला आहे, भाजलेला, तळलेला, मासळीबरोबर. त्याच्या कापा रवा लावून तव्यावर सोडल्या की बोटीवरचे मांसाहारीही ताट पुढे करतात. पुढे ग्रेनेडाला गेलात तर जायफळ-जायपत्री घ्या, त्या देशाच्या झेंड्यावरच जायफळ आहे.

बाहेर खायचं तर रोटी मागा. एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून नेलेल्या भारतीयांची ही देणगी: मोठ्या पोळीत करी बांधलेली. बहुतेकदा आत चिकन, बकरा किंवा शंखातल्या प्राण्याचं मांस (तिथे त्याला ‘लांबी’ म्हणतात) असतं. बटाटा-हरभऱ्याची मिळते, पण विचारून घ्या, कारण ‘व्हेज’ म्हणून मासे घातलेली रोटी हातात पडू शकते.

घरून भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, लोणचं पॅकबंद न्या आणि कस्टमच्या फॉर्मवर लिहा. ताजी फळं, बिया नेऊ नका. शेवंड म्हणजे लॉब्स्टरचा हंगाम सप्टेंबर ते एप्रिल. मे ते ऑगस्ट पकडायला बंदी असते, त्या काळात कुणी देऊ केला तर घेऊ नका.

होड्यांमधून विक्रेते येतात म्हणे. त्रास देतात का?

प्रत्येक खाडीत कुणीतरी भुर्रकन होडी घेऊन येतंच: बोयाला दोर बांधून देऊ का, पाव हवा का, बर्फ, मासे, किनाऱ्यावर रात्री शेगडी लावून जेवण? हा त्यांचा रोजगार आहे. नको असेल तर हसून नाही म्हणा, हवं असेल तर भाव आधी ठरवा. एकाशी ठरल्यावर दुसऱ्याकडे वळू नका. जमवून घ्यायचं असेल तर क्रिकेट काढा. १९७१ च्या दौऱ्यातल्या गावसकरांच्या चार कसोटींतल्या ७७४ धावा तिथल्या म्हाताऱ्यांना आपल्यापेक्षा चांगल्या आठवतात.

रात्री डिंगी मात्र पाण्यात सोडू नका. वर उचला आणि साखळीने कुलूप लावा. डिंगी आणि तिचं इंजिन यांच्याच चोऱ्या जास्त होतात.

बोटीवर पाणी, वीज, संडास?

टाकीत काहीशे लिटर पाणी असतं आणि आठ जण शहरासारखी अंघोळ करू लागले तर ते दोन दिवसांत संपतं. समुद्रात डुंबा, शेवटी तांब्याभर गोडं पाणी. चार्जिंग इंजिन किंवा जनरेटर चालू असताना. संडासात टॉयलेट पेपरसुद्धा टाकायचा नाही. तो पाइप तुंबला तर तो उघडायचं काम ज्याने तुंबवला त्याने करायचं, हा नियम पहिल्या संध्याकाळी जाहीर करावा.

कुठल्या गोष्टी न कळत गुन्हा ठरतात?

लष्करी छपाईचे कपडे. मुलांच्या हिरव्या-तपकिरी चट्ट्यापट्ट्यांच्या हाफपँटसुद्धा. सेंट व्हिन्सेंट, ग्रेनेडा, सेंट लुशिया, बार्बाडोस सगळीकडे बंदी आहे. पर्यटकांनी भाल्याने मासे मारणं बेकायदा. पोहण्याच्या कपड्यांत गावात फिरणं बरं दिसत नाही.

एक कायद्यातलं नसलेलं, पण महत्त्वाचं: किनाऱ्यावर छोट्या हिरव्या सफरचंदासारखी फळं असलेलं मँचिनील नावाचं झाड असतं. फळ विषारी, चीकही विषारी. पाऊस आला म्हणून त्याच्याखाली उभं राहिलात तर अंगावर फोड येतात. बऱ्याच ठिकाणी खोडावर लाल पट्टा रंगवलेला असतो.

मित्रांमध्ये भांडणं होतात का?

होतात, आणि ती बहुतेक दोन जागी होतात: नांगर टाकताना आणि भांडी घासताना.

नांगर टाकताना एकच जण बोलणार, बाकीचे हातवारे. पुढचा माणूस साखळी सोडतो, मागचा सुकाणूवर, मध्ये वाऱ्याचा आवाज. ओरडलं की काहीतरी वेगळंच ऐकू जातं. हात वर म्हणजे थांब, पुढे म्हणजे हळू पुढे, एवढं बंदरातच ठरवा. खोलीच्या पाचपट साखळी सोडा, इंजिन मागे घेऊन नांगर धरलाय का बघा, मग गॉगल लावून पाण्यात उतरून डोळ्यांनी खात्री करा. आवाज चढतो तो खात्री न केल्यामुळे, रात्री दोन वाजता.

भांड्यांसाठी पाळ्या लावा. कप्तानाला त्यातून सूट द्या, कारण हवामान बघणं, मार्ग ठरवणं, रात्री उठून बोट पाहणं त्याच्याकडे असतं. बोटीबद्दल शेवटचा शब्द त्याचा, मग तो तुमच्यातला वयाने सगळ्यात लहान का असेना. कुठे जायचं यावर वाद घाला. ‘आज निघायचं नाही’ असं तो म्हणाला तर घालू नका.

बोट परत देताना काय बघतात?

डिझेलची टाकी भरलेली, शिडं फाटलेली नाहीत, डिंगी आणि नांगर जागेवर. पाणबुड्या खाली जाऊन तळ तपासतो. कुठे घासलं असेल तर तो उतरायच्या आधी स्वतः सांगा, अनामतीचं बोलणं सोपं जातं. स्किपर असेल तर बोटीच्या भाड्याकडे न बघता त्याच्या कामाकडे बघून रोख बक्षिसी द्या आणि ती सामायिक डब्यातून आधीच बाजूला काढून ठेवा, कारण शेवटच्या दिवशी डबा हमखास रिकामा असतो.